काठाला लावलेलं डांबर

मित्रांनो, मी एक होडी आहे. जुनी आहे, पत्र्याची आहे आणि गेले काही महिने भयंकर रागात आहे. होड्यांना राग येत नाही असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवून द्या. मी त्याला उजनीच्या पाण्यात मधोमध नेईन आणि विचारीन, "हं, आता बोल!"

माझा जन्म भिगवणचा. हायवेच्या कडेला, मासळीच्या हॉटेलांच्या रांगेत वेल्डिंगचं एक दुकान आहे, तिथं मला जोडलं. माझ्या तळाचा पत्रा आधी एका पेट्रोल पंपाचं छप्पर होता. बाकीचे पत्रे कुठून आले देव जाणे. पण वेल्डर हाताचा पक्का होता. पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा थेंबभर पाणी आत आलं नाही. माझे मालक बादशाहभाई मासे धरून भिगवणच्या बाजारात विकतात. त्या दिवशी ते काठावर उभे राहून लहान मुलासारखे हसत होते. त्यांची बायको सायराबानू हिनं माझ्या काठाला हिरवा रंग दिला. रंग सरळ रेषेत लागेना, तेव्हा तिनं मलाच दोन शिव्या दिल्या. त्या मला अजून गोड लागतात.

आमच्याकडे धरणाचं पाणी इतकं पसरलेलं आहे की पुण्यामुंबईचे पाहुणे त्याला समुद्रच म्हणतात. म्हणू देत बापडे. पण हा समुद्र उन्हाळ्यात आटतो. पाणी मागं मागं सरकतं आणि वैशाखात सगळ्या होड्या गाळावर उघड्या पडतात. मग आमचं डांबर असतं. आम्हाला पालथं घालतात, दगडांच्या चुलीवर डांबर उकळतात आणि तळाला, सांध्यांना फासतात. काठाला मात्र डांबर कुणी लावत नाही, काठाला तेलरंग. कारण काठ माणसं धरतात. उन्हात डांबर पाझरतं आणि धरणाऱ्याचे हात, कपडे सगळं चिकट करून टाकतं. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्हीही लक्षात ठेवा.

माझी उमेदीची वर्षं छान गेली, खोटं कशाला बोलू? मरळ वाहिली, कटला वाहिला, चिलापी तर किती वाहिली त्याला गणती नाही. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पाहुणे यायचे, माझ्यात बसायचे, माझेही फोटो काढायचे. आणि बादशाहभाईंचा मुलगा आफताब माझ्यातच वल्हं मारायला शिकला. पुढं तो सैन्यात गेला, नायक झाला. सुट्टीवर आला की पिशवी घरी टाकून आधी माझ्याकडे यायचा. नाळेवर, म्हणजे माझ्या पुढच्या टोकावर, थाप मारून म्हणायचा, "काय म्हातारे, बरी हायस ना?" म्हातारी म्हटलेलं मला दुसऱ्या कुणाकडून खपलं नसतं.

आता ज्यासाठी मी तोंड उघडलंय ते सांगते.

पाण्याच्या कडेला सगळीकडे उसाला पाणी देणाऱ्या मोटरी आहेत. पाणी मागं सरलं की मोटर पुढं ढकलायची आणि केबलला नवा जोड द्यायचा. जोडाला चिकटपट्टी, तिच्यावर दुधाची रिकामी पिशवी आणि वर सुतळी. झालं! ती केबल पाण्यातून जाते, ढोरं पाण्यात उतरतात, बाया जाळी धुतात, पण कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. "काय हुतंय त्याला? वर्षानुवर्षं असंच हाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तळपाय मला नाहीत ते सोडा.

झुंबररावांची मोटर तर आकड्यावर चालायची. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून वीज ओढायची. गावात झुंबररावांना मोठा मान. लग्नात पहिली टोपी त्यांना, मयताला पहिला खांदा त्यांचा. त्यांना कोण बोलणार?

जानेवारीतली सकाळ होती. पाण्यावर धुकं होतं. आफताब सुट्टीवर आलेला, आणि आम्ही दोघं जाळी उचलायला निघालो होतो. काठाजवळ शकुबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून तिचं जाळं सोडवत होती. ही आमच्यातलीच, मासे धरणारी विधवा बाई. तिचा एकुलता मुलगा झुंबररावांचा ट्रॅक्टर चालवायचा. अचानक ती ताठ झाली. तोंड उघडं, पण आवाज नाही. आफताबनं एका नजरेत ओळखलं. जोडाची पिशवी फाटून पाण्यात तरंगत होती.

"झुंबरराव, आकडा काढा! आकडा काढा!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. झुंबरराव काठावर स्टार्टरच्या पेटीशी उभे होते. ते जागचे हलले नाहीत.

मग आफताबनं पाण्यात उडी घेतली. डाव्या हातानं माझा काठ धरला आणि उजव्या हातातल्या कोरड्या बांबूनं आधी केबल उडवली, मग शकुबाईला किनाऱ्याकडे ढकललं. ती चिखलात जाऊन पडली आणि वाचली. पण उडालेली केबल फिरून माझ्या दुसऱ्या काठावर येऊन आदळली. उघडा जोड माझ्या पत्र्याला लागला. निळा जाळ झाला, पत्रा वितळला, आणि माझ्यातून वीज गेली ती सरळ आफताबच्या हातात. मित्रांनो, ज्या काठाला धरून तो लहानाचा मोठा झाला, त्याच काठातून! मला ओरडता आलं असतं तर सगळं भिगवण जागं केलं असतं.

तो पालथा पाण्यात पडला. तेव्हा तो जिवंत होता, पाण्यावर बुडबुडे येत होते. आणि झुंबररावांनी काय केलं? वीज बंद केली, खांबावरचा आकडा काढला आणि मग केबल ओढून गुंडाळायला घेतली. नीट, वेटोळं करून. आधी केबल गुंडाळली, मग माणूस काढला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मला डोळे नाहीत, पण तुम्हाला समजलं असेल.

मग ते शकुबाईजवळ गेले. म्हणाले, "तू हितं नव्हतीस. पोराची नोकरी हाय ना माझ्याकडं? मग तू हितं नव्हतीस." मळ्यातल्या खोपटातून त्यांनी दारूची अर्धी बाटली आणली, माझ्यात टाकली, आणि मग गळा काढला, "धावा रं, बादशाहभाईचा पोरगा बुडाला!"

डॉक्टरांनी तपासून लिहिलं, पाण्यात बुडून मृत्यू. ते खोटं नव्हतंच, तो बुडालाच होता. उरलेलं बाटलीनं लिहिलं. दुपारपर्यंत गावभर झालं की मिलिटरीतला पोरगा दारू पिऊन होडीतून पडला. त्याच दिवशी दफन झालं. पलटण दूर, कुणी यायच्या आत सगळं आटोपलं. झुंबररावांनी खांदा दिला. खांदा! आणि कब्रस्तानातून परतताना हळूच म्हणाले, "चांगला व्हता वो पोरगा, पन ही दारू वाईट."

पुढं तर कहरच झाला. बादशाहभाईंना माझ्याकडे बघवेना. तेव्हा झुंबरराव साळसूदपणे आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी नका तरास करून घेऊ. मी होडी साफ करून, डांबर लावून देतो. माझी माणसं हायेत." बादशाहभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्यासाठी झटतोय! आणि भर हंगामात, हिवाळ्यात, मला पाण्याबाहेर ओढून त्यांनी माझ्या तळाला डांबर फासलं आणि काठालाही फासलं. जळका डाग झाकला गेला. मी काळी ठिक्कर होऊन पडून राहिले. पाहुणे यायचे, ते दुसऱ्या होड्यांत बसायचे. येणारीजाणारी मला पनवती म्हणायची.

काठाला फासलेलं डांबर दिसत असूनही सगळं गाव मूग गिळून बसलं. नाही बसली ती एकटी सायराबानू. लोक भेटायला आले की म्हणायचे, "जाऊ द्या भाभी, तरण्या पोरांचं असंच असतंय." ती म्हणायची, "माझं पोर पीत नव्हतं." लोक मान हलवायचे, तोंडावर हो म्हणायचे आणि अंगणाबाहेर पडताच हसायचे. ते हसू तिला आतपर्यंत ऐकू यायचं. शेवटी ती भिगवण स्टेशनवर गाडीत बसून पुण्याला गेली. सैन्याच्या कचेरीत साहेबांपुढे उभी राहिली. तिला पैसाअडका नको होता. "माझ्या पोराच्या नावावर दारू लिवलीया," ती म्हणाली, "ती पुसा. न्हायतर खरी हाय असं माझ्या तोंडावर सिद्ध करून दाखवा." परत पाठवलं की पुन्हा जायची. असं करता करता वैशाख उजाडला, आणि लष्करी पोलिसांतली एक अधिकारी चौकशीला आली. तिचं नाव कॅप्टन ओवी परब. वयानं तरुण, बोलायला कमी.

तिनं गावात एकेकाला विचारलं. मी पडले होते तिथं जवळच डांबराच्या चुली पेटल्या होत्या आणि माणसं तिथंच जमायची, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"आफताब पीत होता?"

"व्हय मॅडम. सगळ्या गावाला ठावं हाय."

"तुम्ही पाहिलं पिताना?"

"मी न्हाय बा. पन सगळ्यांनी बघितलंय."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?"

"झुंबरराव सांगत व्हते की."

ज्याला विचारावं त्याचं उत्तर फिरून झुंबररावांपाशी येऊन थांबायचं. तिनं झुंबररावांनाही विचारलं. त्यांनी चहा पाजला, डोळे पुसले आणि म्हणाले, "माझ्या पोरासारखा व्हता." मोटर कुठं होती विचारलं, तर लांबवर बोट दाखवलं. पाणी मागं गेलेलं, मोटरही तिकडं गेलेली. जिथं आफताब पडला तिथं आता भेगाळलेली जमीन होती. बघणार काय आणि कुठं?

थकून ती माझ्यापाशी आली आणि माझ्या काठावर हात टेकून उभी राहिली. ऊन रणरणत होतं. हात काढला तर तळवा काळा! ती तळव्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग शेजारच्या होड्यांकडे. त्या सगळ्यांचे काठ निळे, हिरवे, तांबडे, आणि त्यांच्या तळांना आत्ता कुठं डांबर लागत होतं. माझं डांबर मात्र जुनं, धूळ बसलेलं. माझा आनंद काय सांगू! बघ बाई, बघ, नीट बघ!

बादशाहभाई जवळच बसले होते. तिनं विचारलं, "काका, हिला डांबर कधी लावलं?"

"आफताब गेल्यावर. झुंबररावांनी लावून दिलं. लई उपकार हायेत त्यांचे."

"हिवाळ्यात? मासेमारीच्या दिवसांत? आणि काठाला?" ती म्हणाली. "माझं घर वेंगुर्ल्याचं आहे काका. आमच्या घरी होड्या आहेत. काठाला डांबर लावलं असतं तर बाबांनी घरात घेतलं नसतं."

बादशाहभाई उठून माझा काठ चाचपायला लागले. ते रोज मला बघत होते, पण दुःखानं माणूस आंधळा होतो. त्यांच्यावर मी रागावत नाही. कॅप्टननं खिशातून चाकू काढला आणि काठ खरवडत निघाली. हिरवा रंग दिसला, पुढं हिरवाच, आणि मग जळून काळा झालेला, वितळून खळगा पडलेला पत्रा. तिनं बोट फिरवलं. फोटो काढले. पोलीस ठाण्याला फोन लावला, तर पलीकडून उडवाउडवी झाली असावी, कारण ती म्हणाली, "मी स्वतः येते." मग बादशाहभाईंना बजावलं, "मी पोलीस आणि तज्ज्ञ माणूस घेऊन येते. तोवर हिला कुणाला हात लावू देऊ नका." आणि जीप घेऊन गेली.

ही बातमी झुंबररावांना लागायला कितीसा वेळ? जेवणवेळेला काठावर शुकशुकाट झाला. बादशाहभाई जवळच लिंबाखाली डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला. त्यात गॅसकटर होतं. मागं झुंबरराव.

"बादशाहभाई, पोराचा जीव घेतला हिनं. ही पनवती डोळ्यांसमोर नको आता. तुकडं करून घिऊन जातो."

"मॅडम म्हनल्या, हात लावू देऊ नका," बादशाहभाई धडपडत उठले.

"मॅडम आज हाय, उद्या न्हाय. आपल्याला ऱ्हायाचंय हितं. व्हा बाजूला!" आणि त्यांनी बादशाहभाईंना ढकललं. उपकाराचा हात पहिल्यांदाच असा उघडा पडला. म्हातारा माणूस धुळीत पडला आणि सायराबानूच्या नावानं हाका मारू लागला.

कटर पेटलं. त्याचा निळा जाळ माझ्या काठाशी आला, अगदी त्या खळग्याशी. मला मरणाची भीती नव्हती, पत्र्याचं काय, वितळला की पुन्हा पत्राच. पण तो डाग गेला असता तर आफताब कायमचा दारुडा राहिला असता. माझा नुसता संताप संताप झाला.

आणि तेवढ्यात शकुबाई धावत आली. पदर नाही, चप्पल नाही. ती सरळ माझ्यात येऊन बसली आणि जळक्या जागेवर दोन्ही हात पालथे ठेवले.

"कापायचं असंल तर आधी मला काप!"

भंगारवाल्यानं घाबरून जाळ विझवला.

"शकुबाई, पोराचा इचार कर," झुंबरराव दात खात म्हणाले.

"रोज करती! पोराचाच इचार करती!" ती ओरडली. आजूबाजूला माणसं जमली होती, पोरं, बाया, डांबराचे हात तसेच घेऊन आलेले गडी. "माझं पोर ट्रॅक्टर चालवतंय, आन सायराबानूचं पोर मातीत गेलं. माझ्यापायी! करंट मला लागला व्हता. तो पान्यात उतरला म्हनून मी हाय. ह्या मुडद्यानं आधी केबल गुंडाळली. पोरगं बुडबुडे सोडत व्हतं आन ह्यो केबल गुंडाळत व्हता! बाटली ह्यानंच टाकली!"

सायराबानू गर्दीतून पुढं आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्यापाशी आली आणि तिनं शकुबाईच्या फाडकन मुस्काटात मारली. शकुबाईनं मान खाली घातली. मग सायराबानूनं तिलाच घट्ट मिठी मारली आणि तिच्या पाठीवर बुक्क्या मारत राहिली. "आधी का न्हाय बोललीस? का न्हाय बोललीस गं? मी एकटी भांडत व्हते गं!" दोघी माझ्यात बसून इतक्या रडल्या की मलाही पाझर फुटला. उन्हानं डांबर पाझरत होतं म्हणा हवं तर.

झुंबरराव सटकायला बघत होते, पण डांबरवाल्या गड्यांनी वाट सोडली नाही. जे चार महिने बोलले नाहीत, ते आता मात्र छाती काढून उभे होते. असो, उभे तरी राहिले. कॅप्टन पोलिसांना घेऊन आली तेव्हा तिला फार काही विचारावं लागलं नाही. तिनं शकुबाईचं म्हणणं लिहून घेतलं, तिच्या मुलाला समोर बोलावून त्याच्याही कानावर घातलं, आणि झुंबरराव पोलिसांच्या गाडीत बसले.

काही दिवसांनी सैन्याचा निर्णय आला. नायक आफताबच्या नावावरची दारू पुसली गेली. एका बाईचा जीव वाचवताना गेला, असं लिहिलं गेलं. पलटणीची माणसं कब्रस्तानात आली, बिगूल वाजला, सलामी झाली. पुराव्याचा मुद्देमाल म्हणून त्याच दिवशी मलाही पोलीस ठाण्यात नेणार होते. टेम्पोत मला चढवलं, आणि बाजूनं बादशाहभाई, सायराबानू आणि कॅप्टन कब्रस्तानातून परत येत होते.

चौकात आलो आणि बघतो तर काय! हा भला मोठा फ्लेक्स. "आमचा अभिमान, वीर आफताब." मधोमध आफताबचा फोटो, बोटाएवढा. आणि भोवती हात जोडलेली, हसणारी मोठमोठी तोंडं. कोणाची? "तरण्या पोरांचं असंच असतंय" म्हणणाऱ्यांची. अंगणाबाहेर जाऊन हसणाऱ्यांची. झुंबररावांच्या पुतण्याचासुद्धा फोटो होता. निर्लज्ज लेकाचे!

सायराबानूनं हात वर करून टेम्पो थांबवला. "ह्याला फ्लेक्सखाली घे," ती ड्रायव्हरला म्हणाली.

हवालदार म्हणाला, "चाची, मुद्देमाल हाय तो. चढू नका."

तिनं ऐकलं नाही. चाकावर पाय देऊन ती वर चढली आणि माझ्यात उभी राहिली. हवालदारानं कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन दुसरीकडेच बघत होती, जणू तिला आकाशात काही दिसलं होतं. सायराबानूनं टाचा उंच करून फ्लेक्सचं टोक धरलं. मी सगळा भार घेऊन घट्ट उभी राहिले, जराही डुलले नाही. तिनं तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत फाडला. आफताबचा तेवढा फोटो हातानं फाडून वेगळा केला, पदरात घेतला आणि बाकीचं चौकात फेकून दिलं.

"जितं असताना न्हाय, मेल्यावर न्हाय," ती जमलेल्या गर्दीला म्हणाली. "आता बी त्याच्या शेजारी उभं ऱ्हायाचं न्हाय कुनी."

एकेक करून गर्दी पांगली.

आता मी पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात पडून आहे. शेजारी जप्त केलेल्या मोटारसायकली आहेत. आम्हाला कुणी विचारत नाही. मला गंज चढतोय, माझ्यात पाला साठतोय. माझ्या जागी दुसरी कुणी जुनी वस्तू असती तर म्हणाली असती, मुलांनो, मला रंग द्या, मला सावली द्या. मला काही नको. निकाल लागेपर्यंत त्या खळग्याला कुणी हात लावला नाही म्हणजे झालं.

पण तुम्हाला मात्र बजावून सांगते. पाण्यात तार दिसली तर "काय हुतंय त्याला" म्हणू नका, आरडाओरडा करा, मोठी माणसं रागावली तरी करा. आणि कुणी मेलं, तर जे तुम्ही स्वतः पाहिलं नाही ते त्याच्याबद्दल बोलू नका. हळूसुद्धा नाही, अंगणाबाहेर जाऊनसुद्धा नाही. त्याची आई ऐकत असते.